लांबची गाठ

आमच्या गंगावेशीतल्या खानावळीत येऊन कुणी पार्सल मागितलं, की गल्ल्यावरनं मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातनं आवाज यायचा, "पावणं, जवळचं का लांबचं?"

नवीन माणूस गोंधळायचा. त्याला वाटायचं हा नातेवाइकांची चौकशी करतोय. मग मला ओरडावं लागायचं, "अहो, रस्सा कुठं न्यायचाय ते विचारतोय तो! कागलला का मुंबईला?"

हा विचारणारा म्हणजे ज्ञानू. बिद्रीकडचा माणूस. पंचविशीत आमच्याकडं कामाला आला, वडलांनी त्याला भांड्यावर बसवलं, आणि महिन्याभरात तो पार्सलच्या टेबलावर गेला तो आजतागायत तिथंच. अठ्ठावीस वर्षं झाली. बुटका, मिशी पांढरी, बोटं जाडजूड. असल्या बोटांनी एवढं नाजूक काम कसं होतंय ह्याचं मला अजून कोडं आहे. तांबडा-पांढरा रस्सा पिशवीत भरायचा आणि पांढऱ्या दोऱ्यानं तोंड बांधायचं, एवढंच काम. पण अख्ख्या कोल्हापुरात तसं बांधणारा दुसरा दाखवा, मी मिशा उतरवतो.

त्याच्या गाठी दोन. जवळची गाठ म्हणजे घरी जाऊन लगेच उघडायची. तिच्या दोऱ्याला तो एक कान ठेवायचा. कान ओढला की गाठ सुटली. लांबची गाठ एसटीसाठी, रेल्वेसाठी, ट्रॅव्हल्ससाठी. तिला कान नाही. पिशवीतली हवा पिळून काढायची, तोंडाला पीळ द्यायचा, दोऱ्याचे सात वेढे, पीळ दुमडून परत पाच, आणि दोऱ्याचं टोक शेवटी कुठं जातंय ते मला आजवर दिसलेलं नाही. पिशवी उलटी धरा, आपटा, बॅगेत कपड्यांखाली दाबा, थेंब बाहेर यायचा नाही. मुंबईहून फोन यायचे, "गणपतराव, रस्सा पोचला, पण आता खायचा कसा?" मी म्हणायचो, "कात्री लावा की!"

गणपतराव म्हणजे मी. खानावळीचा मालक. मला राग लवकर येतोय हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे, त्यामुळं लपवत नाही. माझ्या खिशात किल्ल्यांचा जुडगा असतोय आणि त्या जुडग्याला एक बोटभर घडीचा चाकू. मिरचीचं पोतं आलं की सुतळी कापायला. चालताना सगळं खळखळ वाजतंय, म्हणून मी मागच्या दारातनं आत यायच्या आधीच पोरं कामाला लागलेली असत्यात.

लांबची गाठ कात्रीशिवाय सोडणारं माणूस जगात एकच होतं. ज्ञानूची बायको, झुंबरबाई.

झुंबरबाई गडहिंग्लजच्या पलीकडची, हद्दीवरच्या गावची. बोलण्यात निम्मं कानडी. मला अण्णा म्हणायची, माझ्या बायकोला अक्का. आमच्याकडं भाकरी करायला यायची. दम्याची बाई, चुलीचा धूर तिला सोसायचा नाही, म्हणून मी गॅसची शेगडी आणली, तर म्हणाली, "अण्णा, गॅसवरच्या भाकरीला गिऱ्हाइकं शिव्या देतील आन् त्या तुमी मला द्याल." आणि आपली खोकत खोकत चुलीवरच थापत बसली. तोंडाची लई फटकळ होती. ज्ञानूला सगळ्यांच्या देखत झापायची, "ह्यो मानूस घरात मिठाची पुडीसुदिक बांधून ठेवतोय. चहापत्ती बांधतोय. आदी गाठ सोडा, मग चहा करा!" आणि मग आम्हाला करून दाखवायची. लांबची गाठ तोंडाजवळ घ्यायची, मधल्या वेढ्यात दात रुतवायचा, मान डावीकडं एक झटका द्यायची, की दोरा मोकळा. ज्ञानू बघत बसायचा. हसायचा नाही, पण त्याला बरं वाटतंय ते दिसायचं.

महापुराच्या वर्षी ती गेली. दोन हजार एकोणीसचा ऑगस्ट. खानावळीत कमरेएवढं पाणी. ज्ञानूच्या उत्तरेश्वर पेठेतल्या खोलीत तर छताचा दिवासुद्धा पाण्याखाली गेलेला. सगळे एका शाळेत राहायला होतो, वर्गात सतरंज्या टाकून. गारठा, ओल, त्यात तिचा दमा. तिसऱ्या दिवशी पहाटे ज्ञानूनं मला हलवून उठवलं आणि म्हणाला, "मालक, तिचा आवाज यायचा थांबलाय." मला वाटलं खोकल्याचा म्हणतोय. खोकल्याचाच म्हणत होता, पण खोकला बरा होऊन थांबला नव्हता.

नदीकाठची स्मशानभूमी पाण्याखाली. दुसरीकडं नेली. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आमच्याकडं रक्षा पाण्यात सोडतात, आता बरीच माणसं शेतात खड्डा काढून वर झाड लावतात, पण ज्ञानूला शेत कुठलं? आणि झुंबरबाई कधीतरी बोललेली होती म्हणे, मला कृष्णेला जाऊ दे, माझ्या आईलाही तिथंच सोडलंय. पंचगंगा पुढं कृष्णेला मिळते. म्हणजे घाटावर सोडली की झालं. पण घाट होताच कुठं? गाडगं घ्यावं म्हटलं तर कुंभाराचं दुकान पाण्यात, फडक्यात बांधावं तर वरनं धो धो पाऊस. शेवटी माझ्या मोटरसायकलच्या डिकीत खानावळीच्या पिशव्यांचं बंडल होतं आणि दोऱ्याचं रीळ. मीच काढून दिलं. पिशवी माझी, हे ध्यानात ठेवा.

ज्ञानूनं रक्षा भरली. दोन्ही हातांनी, सांडू न देता. हवा पिळून काढली. पीळ दिला. मी वेढे मोजले, मोजायची गरज नव्हती तरी मोजले. सात, आणि परत पाच.

"अरं, कान ठेव की," मी म्हणालो.

"लांब जायचं हाय तिला, मालक," तो म्हणाला. "वाटंत सांडाय नको."

हाताला लागलेलं वळण, दुसरं काय! इतक्या वर्षांत लांब जाणाऱ्याला त्यानं एकच गाठ मारली होती.

पुलावर गेलो. आडवी लाकडं लावून पूल बंद केलेला. हवालदारानं दया येऊन दोन मिनिटं सोडलं, आणि शिट्टी मारत राहिला. खाली पाणी असं होतं की बघवत नव्हतं. ज्ञानू कठड्याला टेकला आणि गाठ सोडायला लागला. सुटेना. बोटं भिजून सुजलेली. दात लावून बघितला, त्याला ते येत नव्हतं, ती कला तिचीच. मागं शिट्टी वाजतेय, मी म्हणतोय "आवर ज्ञानू, आवर". त्यानं ती पिशवी दोन्ही हातात धरली, कपाळाला लावली, आणि तशीच बांधलेली खाली सोडली. पाण्यानं ती लगेच ओढून नेली.

उतरताना तो एवढंच म्हणाला, "दगडाला आपटून फुटंल की वो मालक?"

"फुटंल की," मी म्हणालो. "एवढं पाणी हाय, फुटल्याशिवाय ऱ्हातंय व्हय?"

आणि आम्ही दोघांनीही ते धरून ठेवलं. चार वर्षं धरून ठेवलं. खानावळ धुऊन काढली, नवीन फरशी घातली, ज्ञानू परत टेबलावर बसला. पिशव्यांवर बंदी असतानाही आम्ही त्या वापरत होतो, कुणी तपासायला आलं की फडताळात ढकलत होतो. खोटं कशाला बोलू? डब्यातनं रस्सा सांडतोय म्हणायचं आणि पिशवी भरायची. पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात गेली की ती आपली राहिलीच नाही, असा आमचा हिशेब.

मग माझी पोरगी आली, मोना.

मोनाला मी समुद्राचं शिक्षण दिलं. म्हणजे तिनं घेतलं, मी फक्त आरडाओरडा केला. कोल्हापूरची पोरगी, रंकाळ्याशिवाय दुसरं पाणी बघितलेलं नाही, आणि हिला समुद्र पाहिजे! आता ती जहाजावर जाते. बंगालच्या उपसागरात दोरीनं कॅमेरा खाली सोडतात, अगदी तळापर्यंत, आणि हिनं ते चित्रण बघत बसायचं आणि तळावर पडलेला कचरा मोजायचा. मी विचारलं, "एवढं शिकून कचरा मोजतीस?" तर म्हणाली, "पप्पा, टाकणारे एवढे आहेत, कुणीतरी मोजायला नको?"

मे महिन्यात ती सुट्टीला आलेली. दुपारची चार-साडेचारची वेळ, दुपारची गिऱ्हाइकं संपलेली, रात्रीची चूल पेटायची होती. तिनं टेबलावर लॅपटॉप उघडला. "बघा तरी मी काय करते ते." मी बसलो. ज्ञानू दोरा गुंडाळत मागं उभा राहिला.

आधी काहीच दिसेना. काळं. मग दिव्याच्या उजेडात राखेच्या रंगाची जमीन. मऊ चिखल, डोंगर नाही, खड्डा नाही, झाड नाही. वरनं बारीक बारीक काहीतरी पडत होतं, पिठाच्या गिरणीत उडतंय तसं. मोना म्हणाली, वर मेलेले जीव झिजून झिजून खाली येतात, तेच ते. हा तळ जवळजवळ तीन किलोमीटर खोल. म्हणजे आमच्या गंगावेशीपासून पार कावळा नाक्याच्या आसपास, पण आडवं नव्हे, सरळ खाली.

"इथं माणूस कधी गेलेला नाही," ती म्हणाली, "आणि आता बघा."

एक बाटली. एक जाळं, चिखलात निम्मं पुरलेलं. शाम्पूची पुडी, तिच्यावरच्या बाईचे केस अजून काळेभोर. एक चप्पल. मी तोंडात बोट घालून बघत होतो. आणि मग कॅमेरा सावकाश पुढं सरकला आणि उजेडाच्या कडेला एक पिशवी आली. पांढुरकी, साधी. तळावर बसलेली, पोट भरलेलं, तोंड वर. तोंड बांधलेलं. पिळून, दोऱ्यानं बांधलेलं. त्या पाण्यात वारा ना लाट, तरी ते तोंड थोडंसं हलत होतं.

मागं दोऱ्याचं रीळ खाली पडलं आणि टेबलाखालनं गडगडत गेलं.

"थांबीव," ज्ञानू म्हणाला. "पोरी, थांबीव ते."

मोनानं चित्र थांबवलं. तिला काही माहीत नव्हतं. तिला वाटलं काकांना आवड निर्माण झाली. तो वाकला. नाक काचेला लागेपर्यंत वाकला. 

"आत काय हाय?"

"गाळ असणार काका. गाळ भरतो, म्हणून तर खाली बसते."

"तोंड बांधलंय. गाळ आत कुठनं जाईल?"

 मोना म्हणाली, हेही खरं.

"तितं अंधार असतोय व्हय गं?"

"कायमचा. आणि थंडी. फ्रिजमधल्या पाण्यासारखं पाणी."

"आन् ही पिशवी किती दिस ऱ्हाती?"

मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो, पण शिकलेली पोरं खुणा बघत नाहीत. "तिथं ऊन नाही, लाटा नाहीत, त्यामुळं प्लास्टिक झिजत नाही. शेकडो वर्षं राहील. जास्तच."

ज्ञानू सरळ झाला. टेबलाखालचं रीळ शोधून उचललं, आणि मागच्या दारानं बाहेर गेला.

मग मी मोनाला सगळं सांगितलं. पोरगी रडायलाच लागली. मग उठून त्याच्यामागं गेली आणि त्याला समजावलं. काका, पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा केवढी लांब जाते, वाटेत अलमट्टी आहे, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे, एवढी धरणं ओलांडून आपली पिशवी तिथं जाणं जवळजवळ अशक्य. जगातला निम्मा किनारा पिशव्या बांधतो. ती तुमची नाही.

"धरनाचे दरवाजे उघडले हुते त्या साली," ज्ञानू म्हणाला. "सगळे. टीव्हीवर दाखवत हुते."



त्या दिवसापासनं ज्ञानूला कसलं तरी याड लागलं. खानावळीच्या मागं पाण्याचं बॅरल आहे. त्यात त्यानं एक पिशवी वाळू भरून सोडली. लांबची गाठ मारून. पिशवी तळाला जाऊन बसली. रोज दुपारी हा बॅरलवर वाकून बघायचा. गाठ सैल झाली का, दोरा कुजला का, थेंबभर तरी पाणी आत गेलं का. आठ दिवस गेले. महिना गेला. पाणी हिरवं झालं, डासांच्या अळ्या झाल्या, मी आरडाओरडा केला, बॅरल ओतून टाकीन म्हणालो. तो म्हणाला, "ओता की मालक, पर पिशवी ठेवा." मी ओतलं नाही. मलाच ते जमलं नाही. खोटं वाटेल, पण मीही बघायला लागलो. कुणी नसताना जायचं, वाकायचं, हिरव्या पाण्याखाली ती पांढरी पिशवी तशीच बसलेली, तोंड वर करून. वेढे मोजता यायचे. वाकलो की खिशात किल्ल्या वाजायच्या आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

कामातही फरक पडला. लांबचं पार्सल आलं की त्याचा हात अडायचा. पिशवी भरून पुढ्यात ठेवायचा आणि बघत बसायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "ओ काका, गाडी सुटतीया!" एकदा मला म्हणाला, "मालक, मी इतक्या बांधल्या. त्या सगळ्या कुठं असतील वो?" मी म्हणालो, "गप काम कर."

दिवाळीत मोना परत आली तेव्हा तो तिच्यासाठी थांबलेलाच होता. जहाज परत जाणार का, त्याच जागी जाणार का, खालच्या यंत्राला हात असतोय का. मोना म्हणाली, जानेवारीत जाणार आहोत, त्याच पट्ट्यात, आणि ह्या वेळी हात असलेलं यंत्र आहे, काही वस्तू वर आणून तपासायच्या आहेत. ती पिशवी सापडेलच असं नाही. पण जागेची नोंद आहे.

"सापडली तर कापायची न्हाय," ज्ञानू म्हणाला. "सोडायची. तिला कातर लागली न्हाई पायजे. मी दावतो."

आणि चार दिवस त्यानं माझ्या पोरीला लांबची गाठ सोडायला शिकवली. दातानं नाही, दाभणानं. मधल्या वेढ्यात घालायचं, डावीकडं वळवायचं. चाळीस-पन्नास पिशव्या त्यांनी बांधल्या आणि सोडल्या. मोनाच्या बोटांची सालं निघाली. एकदाची तिला गाठ सुटली तेव्हा ज्ञानूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सोडलीस की तितंच पान्यात सोड," एवढं शेवटी सांगितलं. "वर ठेवून घेऊ नगं."

जानेवारीत तिचा फोन आला. दुपारीच. मी स्पीकर लावला, ज्ञानू हात पुसत आला.

"काका, सापडली ती पिशवी. वर आणली. ती आपली नाही!" मोनाचा आवाज आनंदानं फुटत होता. "दोरा नव्हता तो, मासेमारीची नायलॉनची तंगूस होती. पिशवीवर आतल्या बाजूनं तेलुगू अक्षरं आहेत. आत नारळाची करवंटी, प्लास्टिकचा हार, आणि देवाचा फुटका फोटो, काचेसकट. काचेच्या वजनानं खाली गेलेली. कुणीतरी निर्माल्य सोडलेलं, बांधून. ऐकताय ना काका? ती नाही!"

मी मोठ्यानं "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" म्हणालो. खरंच म्हणालो. दोन पोरं आतनं पळत आली.

ज्ञानू फोनकडं बघत होता.

"मग ती कुठं हाय?" तो म्हणाला.

 पलीकडनं जहाजाच्या इंजिनाचा आवाज तेवढा येत होता.

"ही घावली. हिची गाठ तरी सुटली. तिची कोन सोडनार?" आणि तो मागच्या दारानं बॅरलकडं गेला.

मी फोन ठेवला. तिथं बसून राहिलो. आणि आता ते सांगायचं आहे जे मी मघाशी पुलाचं सांगताना गाळलं.

पुलावर गाठ सुटेना तेव्हा ज्ञानूनं माझ्याकडं तोंड वळवलं होतं. पाऊस त्याच्या मिशीवरनं गळत होता. तो म्हणाला होता, "मालक, चाकू हाय का तुमच्याकडं?" आणि मी म्हणालो होतो, "न्हाय."

होता. उजव्या खिशात, जुडग्याला. मला काढायचा नव्हता असं नाही. पण शिट्टी वाजत होती, माझी खानावळ पाण्यात होती, चार दिवस पोटात नीट काही नव्हतं, आणि रेनकोट वर करा, किल्ल्या काढा, चाकू उघडा, एवढ्याचाही मला कंटाळा आला. बस्स! कंटाळा. त्याच्या जागी दुसरं काही कारण असतं तर मी स्वतःला माफ तरी केलं असतं. चार वर्षं किल्ल्या वाजल्या की मला ते "न्हाय" ऐकू येतंय.

मी उठलो आणि मागं गेलो. ज्ञानू बॅरलवर वाकलेला. मी जुडगा काढून त्याच्यापुढं धरला.

"ज्ञानू, पुलावर तू मला चाकू मागितलास."

"व्हय."

"मी न्हाय म्हणालो."

"व्हय."

"होता. हा बघ. खिशात होता. खोटं बोललो मी."

मला वाटलं आता हा मला शिवी देणार. द्यावी असं फार वाटत होतं. तो पाण्याकडंच बघत राहिला.

"म्हाईत हाय की मालक. वाजत हुता. पूल चढताना वाजत हुता, उतरताना बी."

"मग?" मी ओरडलोच. "मग हात घालून काढून का घेतला नाहीस? माझं मुस्काट फोडायचंस! चार वर्षं गप बसलास!"

"तुमी न्हाय म्हनलासा," तो सावकाश म्हणाला, "आन् मला बरं वाटलं."

मला कळलं नाही.

"गाठ सुटली असती तर ती पान्यात मिसळून गेली असती. बघता बघता. चिमूटभर बी कुठं उरली नसती. बांधल्याली असली तर कुठं का असंना, एका जागी हाय म्हनायचं. म्हनून तर कान ठेवला न्हवता मी. तुमी सांगितलंसा कान ठेव, मी म्हनलो वाटंत सांडंल. सांडायचं कुठलं वो? मला ती सोडायचीच न्हवती."

त्यानं बाही वर केली, हात हिरव्या पाण्यात घातला आणि ती वाळूची पिशवी वर काढली. सात-आठ महिने पाण्यात होती. दोरा तसाच, पीळ तसाच. बाहेरनं शेवाळ, आत वाळू कोरडी खडखडीत.

"ऱ्हायली की एका जागी," ज्ञानू म्हणाला. "मोना म्हनती शेकडो वर्सं. अंदारात. थंडीत. जिला गारठा सोसत न्हवता तिला. आन् सोडनारी एकच हुती, तीच आत हाय."

तो रडत होता का, मला सांगता येणार नाही. मी रडत होतो. किल्ल्यांचा जुडगा हातात धरून, बायामाणसागत.

तेवढ्यात पुढनं कुणीतरी हाक मारली, "ओ मालक, पार्सल हाय का?"

ज्ञानूनं पिशवी माझ्या हातात दिली, हात धुतले आणि गेला. मी डोळे पुसून त्याच्यामागं गेलो. एक तरुण माणूस, पाठीवर बॅग, हातात हेल्मेट. ज्ञानू टेबलामागं उभा राहिला. त्यानं काही विचारलं नाही, तेव्हा त्या माणसानंच सांगितलं, "बेंगलोरला न्यायचाय काका. घट्ट बांधा."

ज्ञानूनं रस्सा भरला. हवा पिळून काढली. पीळ दिला. दोऱ्याचे वेढे घेतले, मी मोजत होतो, आणि चौथ्या वेढ्याला त्यानं दोरा दुमडून कान काढला. चांगला दोन बोटं लांब कान.

"काका, लांब जायचंय मला," तो माणूस म्हणाला. "ह्यातनं सांडंल की!"

"सांडंल थोडं," ज्ञानू म्हणाला. "पर सुटंल."

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, मालक काहीतरी बोलेल म्हणून. मी गल्ल्यावर बसलो आणि पार्सलचे पैसे घेतले.